यवनाचे नाव

नाव ही मनुष्याची अशी एक मिळकत आहे की, जिच्या दस्तावर त्याची स्वतःची सही कधीच नसते. ती दुसऱ्यांनी त्याला बहाल केलेली असते, तो जाणता होईपर्यंत तिच्यावरील त्याची वहिवाट पक्की झालेली असते, आणि ती मूळची कोणाची, हा वाद सहसा कोणी उपस्थित करीत नाही. नोंदणी खात्यात उभी हयात घालविलेल्या माणसाला ही उपमा सुचावी यात नवल नाही. परंतु माझ्या स्वतःच्या नावाबाबत तो वाद बारशाच्या दिवशीच उपस्थित झाला होता, असे मी आत्याच्या तोंडून अनेकदा ऐकले आहे.

माझे वडील नाशिकच्या मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते. कॉलेजात त्यांनी पाली घेतली होती, आणि पुढे जमाबंदीच्या आकड्यांत दिवस गेले तरी धर्मानंद कोसंबींचे ग्रंथ त्यांच्या उशाशी असत. घराण्याच्या शिरस्त्याप्रमाणे माझे नाव आजोबांचे, म्हणजे त्र्यंबक, हे ठरल्यातच जमा होते. ते बाजूस सारून वडिलांनी 'मिलिंद' हे नाव पुढे केले तेव्हा, ज्या आत्याने ते पाळण्यावर वाकून माझ्या कानात सांगावयाचे तिनेच, "दादा, हा मिलिंद आपल्यातला कोण?" असा रोकडा सवाल केला, आणि तो यवन राजा होता असे खरे उत्तर मिळाल्यामुळे प्रकरण अधिकच चिघळले. अखेर जोशीबुवांनी मघा नक्षत्राच्या दुसऱ्या चरणाचे अक्षर 'मी' असल्याचा निर्वाळा दिला, कोणीतरी कोशातून भ्रमर असा अर्थ शोधून काढला, आणि ग्रीक राजाचा आमच्या घरातला प्रवेश पंचांगाच्या दाखल्यावर झाला.

हा राजा म्हणजे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला मिनँडर. पंजाबातील सागल, म्हणजे आजच्या सियालकोटच्या परिसरातील नगर, ही त्याची राजधानी. त्याच्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूस ग्रीक लेख आणि दुसऱ्या बाजूस खरोष्ठी लिपीतले प्राकृत, म्हणजे त्याचे नाव त्याच्या हयातीतच दोन लिप्यांत वावरत होते. 'मिलिंदपञ्हो' या पाली ग्रंथात हा राजा भिक्षू नागसेनाशी संवाद करतो, आणि त्या संवादाचा आरंभच नाव विचारण्याने होतो. भिक्षू सांगतो की, लोक मला नागसेन म्हणतात खरे, परंतु ती व्यवहारापुरती संज्ञा आहे, तिच्यामागे शोधून सापडेल अशी कोणी व्यक्ती नाही. राजा चकित होऊन हरकत घेतो, तेव्हा भिक्षू त्याला त्याच्याच रथाविषयी विचारू लागतो, आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय, जू म्हणजे रथ काय, आणि प्रत्येक वेळी नकार देता देता राजालाच कबूल करावे लागते की रथ हीसुद्धा एक संज्ञाच. ज्या ग्रंथाने नावाचा इतका निःशेष निकाल लावला, त्यातूनच मुलाचे नाव उचलावे, यातली विसंगती वडिलांच्या ध्यानात आली नसेल असे मला वाटत नाही. पण कारकुनाला व्यवहार पुरेसा असतो.

मी वाढलो तो काळ मात्र या नावाच्या दृष्टीने निराळा होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि त्यानंतर घरोघरच्या पाळण्यांत गौतम, राहुल, सुजाता, संघमित्रा, मिलिंद ही नावे आली. औरंगाबादेस त्यांनी १९५० साली काढलेल्या महाविद्यालयाचे नावही मिलिंद, आणि त्याच्या परिसराचे नाव नागसेनवन. परिणामी, मी चाकरीत रुजू झाल्यावर माझे नाव ऐकणारा इसम पुष्कळदा किंचित थबके आणि "आडनाव काय?" असे विचारी, उत्तर ऐकताच त्याचा चेहरा सैल होई, खुर्ची पुढे सरके आणि चहाचा हुकूम सुटे. त्या चहाचा अर्थ कळण्यास पाली यावी लागत नाही. वडिलांना हे नाव एका पुस्तकाच्या किमतीत मिळाले होते. ज्या घरांनी जुने सारे टाकून ते घेतले, त्यांनी त्याचा मोबदला निराळ्याच चलनात चुकता केला होता, आणि अजून करीत होती. परक्याचे नाव घेऊच नये, असे माझे मत कधीच नव्हते. मात्र मिळकत घेणाऱ्याने तिच्यावरचा बोजाही इतर हक्कांत चढवून घ्यावा, आणि आडनाव विचारणाऱ्याला ते सांगण्याआधी प्रश्नाचे प्रयोजन विचारावे, एवढे मी पुढे पाळू लागलो. त्याने चहा बराच कमी झाला.

तशी परकी नावे आमच्या दप्तरखान्यात कमी नव्हती. जुन्या खरेदीखतांतून दौलतराव, हैबतराव, सर्जेराव आणि पिराजी ओळीने भेटत, आणि त्यांतल्या कोणाच्या वारसाला आपल्या पूर्वजाच्या नावात फारसी-अरबी रक्त आहे याची वार्ताही नसे. मालोजीराजांना शाह शरीफ या अहमदनगरच्या पिराच्या कृपेने पुत्रलाभ झाला, म्हणून त्यांनी मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही परंपरा तर सर्वविश्रुत आहे. परंतु मला सर्वांत जवळचा वाटतो तो नाशिकजवळच्या पांडवलेण्यांतील सतरा क्रमांकाच्या लेण्याचा दाता. निवृत्तीनंतर वडील मला एकदा मुद्दाम तो लेख दाखविण्यास घेऊन गेले. उत्तरेकडील दत्तामित्री येथील हा यवन. त्याचे नाव इंद्राग्निदत्त, बापाचे धर्मदेव, आणि पुत्राचे धर्मरक्षित. तीन पिढ्यांत एकही ग्रीक नाव नाही. उलट एकाच कुटुंबात वेदांतले इंद्र-अग्नी आणि बुद्धाचा धम्म असे दोन्ही नांदताहेत, आणि तरीही आपण यवन आहोत हे त्याने पाषाणात नमूद करून ठेवले आहे, लपविलेले नाही. वडील म्हणाले, "याच्याही बहिणीने बारशाला तक्रार केली असेल."

माझ्या मुलीच्या वेळी तक्रारदाराची भूमिका माझ्याकडे आली. पत्नीने 'निकिता' हे नाव निश्चित केले होते. १९५५ साली ज्या क्रुश्चेव्हसाहेबांचे भारतात स्वागत झाले त्यांचेच हे नाव, रशियात ते पुरुषांचे, आणि त्याचे मूळ पुन्हा ग्रीकच, यवन राजांच्या नाण्यांवर जिची आकृती दिसते त्या विजयदेवता नीकेच्या कुळातले, असा साधार अहवाल मी सादर केला. तो शांतपणे ऐकून घेऊन पत्नी म्हणाली, "म्हणजे तुमच्याच माहेरचं की! मग आता अडचण काय?" महापालिकेच्या जन्मनोंदीत नाव दाखल झाले, आणि शाळेच्या हजेरीपटावर त्याच वर्गात आणखी निकिता निघाल्या.

ती आता पुण्यात औषधांच्या एका कारखान्यात निर्यातीचे काम पाहते. मॉस्कोहून येणारी पत्रे तिला पुरुष समजूनच लिहिलेली असतात, आणि ती खुलासा पाठवीत नाही. प्रत्यक्ष बैठकीत समोरची मंडळी ज्या गोंधळात पडतात, तेवढ्यात दराची पहिली बोली आपण करून टाकतो, असे ती म्हणते.