विलायती वाद्य आणि पोटाचा प्रश्न

विलायती वाद्यावर रागदारी वाजत नाहीं, असें म्हणणारे वडीलधारे अद्याप घरोघरीं भेटतात. त्यांस उत्तर देणें सोपें आहे. ब्रिजभूषण काब्रा यांनीं गिटार मांडीवर आडवी घेऊन, तारांवरून कांडी सरकवीत मींड काढिली. १९६७ सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेंत संतूर-बांसरीच्या जोडीला तीच गिटार ऐकूं येते.

‘परंतु यावर संसार कसा चालणार?’ हा दुसरा आक्षेप मात्र हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. आमच्या चौसाळ्यास पुतण्या गिटार घेऊन बसतो, तेव्हां तोच माझ्याही मनांत येतो. अशा वेळीं मला वाईचे विष्णु गोविंद जोग (१९२२–२००४) आठवतात. व्हायोलिन हेंही विलायतीच! गजाननराव जोशी, श्रीकृष्ण रातंजनकर, अल्लाउद्दीन खां अशा गुरूंजवळ ते शिकले. बिस्मिल्ला खांच्या सनईशीं त्यांची जुगलबंदी ध्वनिमुद्रित झाली. १९८३ सालीं पद्मभूषण हा किताबही मिळाला. तरी केवळ मैफलींवर ते विसंबले नाहींत. लखनौच्या संगीत महाविद्यालयांत त्यांनीं शिकविलें, आकाशवाणीची नोकरी पत्करिली. मैफल कधीं मिळते, कधीं नाहीं. शिकवणीचे पैसे मात्र महिन्याच्या महिन्याला घरांत येतात.

तेव्हां माझें मत असें कीं, मुलास वाजवूं द्यावें. पण पुढें दुसऱ्यास शिकवितां येईल इतकें पक्कें शिकूं द्यावें. त्यासाठीं घर सोडून गुरूपाशीं वर्षानुवर्षें राहावें लागेल. वहिनी राजी आहेत. आमच्या मातोश्री अजून नाहींत.