हात काय करताहेत?

चित्रकारावर काढलेला चित्रपट दृष्टी गेलेल्या माणसापुढे लावावा काय, या प्रश्नावर आमच्या घरात तीन दिवस खल चालला होता. आमचे वडील, अण्णा, बडोद्याच्या एका शाळेत एकतीस वर्षे चित्रकला शिकवीत होते. काचबिंदूने प्रथम त्यांची कडेची नजर नेली आणि शस्त्रक्रिया होऊनही पुढे उरलेली गेली. त्या दिवशी ब्रशांचा डबा आईच्या हाती देऊन ते एवढेच म्हणाले, "माळ्यावर टाक." तेव्हापासून 'रंग' हा शब्दही आम्ही घरात जपून उच्चारीत असू. भिंतींना रंग द्यावयाचा ठरला, तर त्याची बोलणी शेजारच्या खोलीत झाली!

अशा घरात आमचे चिरंजीव सत्यजित राय यांचा 'द इनर आय' हा १९७२ सालचा लघुपट लॅपटॉपवर घेऊन आले. त्याचा विषय शांतिनिकेतनचे चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी. जन्मापासून त्यांचा एक डोळा निकामी, दुसरा अधू. त्या अधू डोळ्याच्या भरवशावर त्यांनी १९४६-४७ मध्ये तेथील हिंदी भवनाच्या भिंतींवर मध्ययुगीन संतांचे विस्तीर्ण भित्तिचित्र रंगविले. १९५७च्या सुमारास मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तीही दृष्टी गेली. राय हे त्यांचे एके काळचे विद्यार्थी.

"दुखऱ्या जागी बोट कशाला लावता?" असे सौभाग्यवतींचे म्हणणे. पण अण्णांचे कान शाबूत होते. "नंदबाबूंचा शिष्य ना तो? लावा," ते झोपाळ्यावरून म्हणाले. आमच्या कीर्तिमंदिराच्या भिंती नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात रंगविल्या आणि अण्णा दर वर्षी आठवीची पोरे तेथे नेऊन मीरेच्या चित्रांपुढे उभी करीत, हे आम्ही विसरलोच होतो. बिनोदबिहारींचे शिष्य के. जी. सुब्रह्मण्यन यांनी तर आमच्याच शहरात चित्रकारांच्या पिढ्या घडविल्या.

कलावंतांवरील माहितीपटांविषयी आमचे मत फारसे अनुकूल नव्हते, हे कबूल केले पाहिजे. पूर्वी थिएटरात मुख्य चित्रपटाआधी असे माहितीपट लागत, तेव्हा निम्मे प्रेक्षक बाहेर शेंगदाणे खात उभे असत. एक गंभीर आवाज जन्मसाल सांगे, कॅमेरा एका चित्रावरून दुसऱ्यावर सरके आणि शेवटी चित्रकार हार घातलेल्या तसबिरीसारखा मागे उरे. हुसेन यांचा १९६७चा 'थ्रू द आईज ऑफ अ पेंटर' निराळा; त्यास बर्लिनच्या महोत्सवात सुवर्ण अस्वल मिळाले. हुसेन यांचे बालपण इंदूरचे, म्हणून आमचे तिकडचे नातलग त्याचा अभिमान मिरवीत. पण त्यात निवेदनच नाही; अण्णांना केवळ संगीत ऐकू आले असते.

येथे निवेदन होते, आणि तेही खुद्द राय यांच्या आवाजात. अण्णांनी झोपाळा थांबविला. मात्र राय जरा गप्प झाले की अण्णा विचारीत, "आता काय दिसते आहे?"

"भिंतीवरचे चित्र. संतांचे. पुष्कळ माणसे आहेत."

"पुष्कळ म्हणजे? उभी की बसलेली? रेष जाड की बारीक?"

आम्ही निरुत्तर झालो. आजवर इतकी प्रदर्शने पाहिली, अभिप्रायाच्या वह्यांत मोठमोठे शब्द लिहिले, आणि समोरची रेष सांगता येईना! चित्रपट मागे नेला, पुन्हा पाहिला. वीस मिनिटांच्या त्या लघुपटास दीड तास लागला. भिंतीवरच्या संतांत कबीर, तुलसीदास आणि सूरदासही आहेत, असे आम्ही सांगितले.

"सूरदास? डोळे जाण्याआधी दहा वर्षे काढला होय त्याने," अण्णा म्हणाले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

पुढे बिनोदबिहारी दृष्टी गेल्यानंतर सिरॅमिकच्या फरशांचे भित्तिचित्र करताना दिसतात. कागदाच्या घड्या घालून केलेल्या आकृतींवरून ते सिद्ध होते.

"हात काय करताहेत?" अण्णांनी विचारले.

"कागद दुमडताहेत. चाचपताहेत."

"ते कळले रे. अंगठा कुठे आहे?"

त्यासाठी आम्हांस तो भाग तिसऱ्यांदा लावावा लागला. शेवटी निखिल बॅनर्जींची सतार वाजली, ती मात्र अण्णांनी आम्हांस काही न विचारता ऐकली.

दुसऱ्या दिवशी आम्ही माळ्यावरचा डबा खाली काढला, तेव्हा ते चिडले. "ब्रश कोणी मागितले? जाड कागद आण. वर्तमानपत्राचा नको, त्याला घडी राहत नाही."

आम्ही कागद आणले. पहिले चार त्यांनी रागाने भिंतीकडे भिरकावले. पाचवा त्यांच्या उशीखाली आहे. आम्हांस अद्याप दाखविलेला नाही.