लुकणाची घोंगडी

दिवाळी आठ दिवसांवर आली की कोरेगावच्या आळीआळीतून बालवीरांचे किल्ले उभे राहू लागतात. कोणी विटा गोळा करतो, कोणी गोणपाट मागून आणतो, कोणी पाट्याच्या पाट्या माती वाहतो. ज्या मुलाला घरी तांब्याभर पाणी आणण्याचा कंटाळा येतो, तोच या दिवसांत बादल्या उचलताना थकत नाही. आपला सातारा जिल्हा तर गडकोटांचाच. साताऱ्याच्या शिरावर अजिंक्यतारा, आणि आपल्या तालुक्यात नांदगिरीचा कल्याणगड. तेव्हा नमुन्यासाठी आपल्या मुलांना दूर जावे लागत नाही. बुरूज झाले, दरवाजा झाला, हळीव पेरून हिरवळही उगवली, म्हणजे बाजारातून चित्रे आणावयाची. सिंहासनावर महाराज, पायऱ्यांवर मावळे, खाली तोफा, आणि कोपऱ्यात एखादा वाघ.

ही चित्रे नीट न्याहाळली तर एक गोष्ट ध्यानी येते. डझनभर मावळे घेतले तर बाराही जण एकाच पायावर भार देऊन, एकाच दिशेला पाहात, एकाच उंचीवर भाला धरून उभे असतात. साचा एक, म्हणून माणूसही एकच. गडावर पाणी वाहणारी बाई, म्हातारा पहारेकरी, पेंगणारा पोऱ्या यांपैकी कोणीही त्यात नसतो. ही उणीव भरून काढण्याची, म्हणजे तयार चित्रावर थोडे लुकण चढवून त्यातून निराळा माणूस घडविण्याची जी एक लहानशी कला आहे, तिच्याविषयी विद्यार्थिमित्रांना व त्यांच्या पालकांना चार शब्द सांगावेत, असा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम साहित्याचा विचार करू. शाडूची माती ही आपली जुनी ओळखीची. ती मऊ व आज्ञाधारक खरी, परंतु तिच्यातील पाणी उडून गेले की ती आकसते. तयार चित्रावर तिचा पातळ थर दिला तर तो वाळताच तडकून सुटतो. प्लास्टर ऑफ पॅरिसची रीत याच्या अगदी उलट. जिप्सम नावाचा खनिज पदार्थ सुमारे 150 अंश सेल्सिअसपर्यंत तापविला म्हणजे त्यातील पाऊण हिस्सा पाणी निघून जाते; त्या भुकटीत पुन्हा पाणी घातले की ती ते पिऊन घेते, गरम होते व दगड बनते. ही क्रिया इतक्या लवकर घडते की ते साच्यात ओतण्यास उत्तम, पण बोटांनी सावकाश घडविण्यास निरुपयोगी. इंग्लंडातील बाथ येथे विल्यम हारबट नावाचे एक कलाशिक्षक होते. विद्यार्थ्यांची माती काम पुरे होण्याआधीच वाळून जाते, ही अडचण ओळखून त्यांनी 1897 साली कधीही न वाळणारी तेलकट माती तयार केली. तीच प्लॅस्टिसिन. शिकण्यासाठी तिच्यासारखी माती नाही, परंतु ती कधीच कठीण होत नसल्यामुळे तिचे काम टिकत नाही.

आता चौथा प्रकार. नळ गळू लागला म्हणजे आपण हार्डवेअरच्या दुकानातून एम-सील आणतो. त्या पुडीत दोन वेगवेगळ्या रंगांचे गोळे असतात: एक राळेचा, दुसरा ती राळ कठीण करणाऱ्या द्रव्याचा. दोन्ही सम प्रमाणात घेऊन, रंगाची एकही रेघ दिसेनाशी होईपर्यंत मळले, म्हणजे त्यांचा रासायनिक संयोग सुरू होतो. हे लुकण पाणी उडाल्यामुळे वाळत नाही, म्हणून ते फारसे आकसत नाही व तडकतही नाही. काही काळ ते कणकेसारखे वागते, पुढे मेणासारखे, आणि कित्येक तासांनी दगडासारखे होते. परदेशी बोटाएवढे सैनिक रंगविणारे हौशी लोक याच जातीचे लुकण वापरतात. त्यांचे एक लुकण निळ्या व पिवळ्या पट्ट्यांचे असते व मळल्यावर हिरवे होते. कच्चे लुकण त्वचेला बाधू शकते. म्हणून पातळ हातमोजे घालावेत, काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत, आणि कठीण झालेले लुकण घासावयाचे असल्यास ते ओले करून घासावे, म्हणजे धूळ नाकात जात नाही. लहान वर्गातील मुलांनी मात्र शाडू व प्लॅस्टिसिन यांवरच समाधान मानावे.

हत्यारांसाठी एक पैचाही खर्च नको. बांबूची कामटी, बाभळीचा काटा, जुनी सुई, आइस्क्रीमची चपटी काडी, एवढ्यावर सारे काम होते. चित्राचा जो भाग नको असेल तो कानशीने घासून काढावा, त्या जागी सुईने ओरखडे पाडावेत म्हणजे लुकणाला धरावयास जागा मिळते. नवा हात जोडावयाचा असेल तर आत बारीक तारेचे हाड घालावे. बोट व काडी पाण्यात भिजवून काम केले म्हणजे लुकण चिकटून येत नाही. सर्वांत मुख्य नियम असा की, एका बैठकीत सर्व करू नये. पहिल्या दिवशी नुसता आकार द्यावा; तो कठीण झाला म्हणजे दुसऱ्या दिवशी त्यावर पातळ थर देऊन वस्त्र, केस, बोटे कोरावीत. उतावळ्याचा अंगठा एकीकडे नाक घडवितो आणि दुसरीकडे पाठ चेपतो.

ही विद्या मला पुस्तकाने शिकविली नाही. आमच्या शाळेच्या नाताळच्या देखाव्यातील एका मेंढपाळाचा हात खांद्यापासून निखळला होता. तो जोडून घ्यावा म्हणून मी गणपती करणाऱ्या एका वृद्ध कुंभाराकडे गेलो. त्याने चित्र हातात घेऊन माझ्याकडेच परत दिले आणि विचारले, "ह्यो काय करतुय?" मी म्हणालो, "काठी धरून उभा आहे." तेव्हा तो म्हणाला, "मग मास्तर, आधी तुमी तसं हुबं ऱ्हावा. मग त्येला हुबं करा." त्याच्या अंगणात, त्याच्या नातवंडांच्या देखत, मी काठी धरून उभा राहिलो. तोपर्यंत काठी हाताने धरतात एवढेच मला ठाऊक होते. ती धरताच एक खांदा वर जातो, विरुद्ध बाजूचे कंबरेचे हाड पुढे येते व एक गुडघा सैल पडतो, हे त्या दिवशी माझ्या शरीराने मला सांगितले. त्यानंतर मी कित्येक आठवडे बाजारात, एस्. टी. च्या थांब्यावर, प्रार्थनेनंतर मंदिराच्या दाराशी माणसे उभी कशी राहतात हेच पाहात होतो.

वस्त्रांचेही तसेच आहे. चुणी कोठूनही कोठेही जात नाही. जेथे कापड अडकते, म्हणजे खांदा, कोपर, कंबर, गुडघा, तेथून ती निघते व दुसऱ्या अशाच जागी जाते. धोतर पातळ, म्हणून त्याच्या चुण्या पुष्कळ व बारीक. घोंगडी जाड लोकरीची, म्हणून तिला मोजक्याच व रुंद घड्या पडतात. पागोटे करावयाचे तर लुकणाच्या देवघरातल्या वातीसारख्या वळ्या करून त्या डोक्याभोवती पिळून बसवाव्यात. गोळा ठेवून त्यावर रेघा ओढल्या तर ते पागोटे न होता कांदा होतो. मोठ्या माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या सुमारे साडेसातपट असते, लहान मुलाची पाच-सहापट. म्हणून मूल घडविताना मोठे माणूसच छोटे करून चालत नाही.

नाताळच्या देखाव्याचा उल्लेख वर आला आहे. संत फ्रान्सिस यांनी इटलीतील ग्रेच्चो या खेड्यात 1223 साली जिवंत बैल व गाढव आणून गव्हाणीचा देखावा केला, तेव्हापासून ही प्रथा पसरली. पुढे फ्रान्समध्ये राज्यक्रांतीच्या काळात देवळे बंद पडली, तेव्हा प्रोव्हान्स प्रांतातील लोकांनी घरीच मातीची छोटी चित्रे करून गव्हाणी मांडण्यास आरंभ केला. त्या चित्रांत त्यांच्या गावचे पीठवाले, पाववाले, कोळिणी असे सारे लोक आपापली भेट घेऊन बाळ येशूकडे निघालेले असतात. त्या चित्रांचा बाजार मार्सेय शहरात 1803 पासून भरत आला आहे. आपल्याकडेही रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी प्रभूची भक्ती अभंगाच्या व ओवीच्या पोशाखात उभी केली. 1917 साली 'देवाचा दरबार' त्यांनी आपल्या साताऱ्यातच मांडला. मग आमच्या गव्हाणीपुढचे मेंढपाळ परदेशी झगे घालून का उभे असावेत? सुवार्ता प्रथम रात्री राखण करणाऱ्या मेंढपाळांना कळली असे लूककृत शुभवर्तमान सांगते, आणि माण-खटावकडचे मेंढपाळ तर मेंढरे घेऊन आपल्या दारावरून जातात.

म्हणून दिवाळीनंतर मुलांनी किल्ल्यावरील मोडकी, रंग उडालेली मावळ्यांची चित्रे आणावीत असे ठरले. महाराजांच्या मूर्तीस कोणी हात लावावयाचा नाही, हा नियम मुलांनी आपण होऊनच केला. मावळे तरी कोण होते? डोंगरात शेती व गुरेढोरे राखणारी माणसेच. भाल्याचे टोक घासले की त्याची काठी होते.

या कामात एक मुलगा येऊन बसू लागला. वर्गात त्याचा आवाज कोणी ऐकला नव्हता. प्रश्न विचारला की तो उभा राही व खाली बघे, आणि परीक्षेतील त्याच्या गुणांविषयी न बोललेलेच बरे. तो धनगराच्या घरचा, हे मला ठाऊक होते; पण त्याने ते कधी उच्चारले नव्हते, आणि इतर मुले ते ज्या स्वराने उच्चारीत तो ऐकला म्हणजे त्याच्या मौनाचे कारण समजे. सर्व मुले काठी धरलेले हात करू लागली, तेव्हा तो प्रथमच माझ्याशी आपण होऊन बोलला: "सर, आज्जा काठी अशी धरत नाही. दोन्ही हात काठीवर ठेवतो, आणि हातांवर हनुवटी." त्याने तो मेंढपाळ तसाच केला. चित्र बोटाएवढे, चेहरा हरभऱ्याएवढा. पण त्यात दिवसभर चाललेल्या माणसाचा थकवा होता. त्यानंतर बाकीची मुले आपापली चित्रे घेऊन त्याच्याकडे जाऊ लागली.

नाताळच्या कार्यक्रमास त्याचे आजोबा आले. गव्हाणीपुढे ते बराच वेळ वाकून उभे होते. मग म्हणाले, "झ्याक हाय. पर रातच्या राखणीला खांद्यावर घोंगडं कोण टाकील? गारठा न्हवं का? डोक्यावरनं खोळ घ्याया पायजे." मुलगा हिरमुसेल असे मला वाटले. लुकण तर दगडासारखे झालेले होते. परंतु त्याने दुसऱ्या दिवशी ते चित्र मागून घेतले, सुईने ओरखडे पाडले, आणि त्या कठीण झालेल्या घोंगडीवर लुकणाची नवी खोळ चढविली. आज तो मेंढपाळ डोक्यावरून खोळ घेऊन आमच्या कपाटात उभा आहे.

पालकांपैकी काहींनी मला विचारले आहे की, या खेळात अभ्यासाचा वेळ जात नाही काय? त्यांना मी अलिबागजवळच्या सासवणे गावचे विनायक पांडुरंग करमरकर यांची गोष्ट सांगतो. त्यांचा जन्म 1891 चा; घरात गणपतीच्या मूर्ती होत, तेथेच त्यांचा हात वळला. त्यांनी भिंतीवर काढलेले शिवरायांचे चित्र त्या वेळचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांच्या दृष्टीस पडले, आणि त्या मुलाला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचा मार्ग मोकळा झाला. पुण्यास 1928 साली उभारलेला छत्रपतींचा भव्य अश्वारूढ पुतळा त्यांच्याच हातचा. प्रत्येक मुलगा करमरकर होणार नाही, हे खरे. पण आपल्या आजोबांची हनुवटी कोठे टेकते हे पाहणारा मुलगा प्रत्येक घरी असावा, असे मला वाटते.

यिर्मयाच्या ग्रंथात कुंभाराचे घर आहे. त्याच्या हातातील भांडे बिघडले, तेव्हा त्याने त्याच मातीचे दुसरे केले. ओल्या मातीचे असे होऊ शकते हे कोणालाही पटेल. मुले एकदा कठीण झाली, त्यांच्यावर 'ढ' हा शिक्का बसला, की आपण मात्र हात टेकतो. त्या खोळीकडे पाहिले म्हणजे मला तसे करवत नाही. शाळेचा वर्ग, परीक्षा, गुणपत्रक हे आमचे साचे आहेत, व ते लागतातच. परंतु साच्यातून निघालेल्या चित्रावर अजून पुष्कळ काम शिल्लक असते.

असो. लेख लांबला. विद्यार्थिमित्रहो, यंदाचा किल्ला मोडाल तेव्हा मोडकी चित्रे उकिरड्यावर टाकू नका. ती कागदात गुंडाळून शाळेत आणा. हात तुटलेली असली तर अधिक बरे. आणि येताना घरच्या कोणा तरी वडीलधाऱ्या माणसाला, ते काम करीत असताना, पाच मिनिटे नीट पाहून या.