एका पिशवीसाठी बोट बंद?

आगरदांड्याहून दिघीला फेरीबोट जाते. माणसं, मोटारी, माशांच्या पाट्या, सगळं एकत्रच! समजा, एकाच्या पिशवीत चोरीचा माल निघाला, तर पकडायचं कुणाला? त्यालाच ना? बोटच बंद केली तर पलीकडच्या आत्याकडे कसे जाल?

२००६ साली असंच झालं. सरकारनं इंटरनेटवरची मोजकी पानं बंद करायला सांगितली. काही कंपन्यांनी अख्खं ब्लॉगस्पॉटच बंद केलं. निरपराध लिहिणारेही अडकले! २०१६ साली ‘ढिशूम’ सिनेमाच्या चोरट्या प्रतींचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात आला. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सरसकट साइट बंद करायला नकार दिला. नेमके दुवे दाखवायला सांगितलं. मला ते पटलं.

भाचा म्हणतो, “मामा, एक दुवा बंद केला की दुसरा उघडतो!” खरंय. मग बोटवाल्यानं प्रत्येकाची पिशवी तपासायची? माझी तरी मी उघडू देणार नाही.