दोन पाण्यांमधली वाळू

गोव्यातल्या हरमलच्या किनाऱ्यावरून उत्तरेला चालत गेलं की वाळू संपते आणि डोंगराच्या पायथ्याची खडकातली पायवाट लागते. एका अंगाला दुकानं, दुसऱ्या अंगाला थेट समुद्र. वळण सरलं की छोटी पुळण येते आणि पुळणीच्या मागे, हाकेच्या अंतरावर, पालयेचं गोड्या पाण्याचं तळं.

मी समुद्रातून निघालो तो तसाच ओल्या अंगाने तळ्यात उतरलो. ओठांवरचं मीठ धुऊन निघालं. दोन पाण्यांच्या मध्ये फक्त वाळूचा बांध आहे, आणि तोही लाटांनीच घातलेला.

तळं जगतं ते मागच्या डोंगरावर. जांभ्याचा सडा पावसाळाभर पाणी पितो आणि पुढे कित्येक महिने ते झऱ्यांवाटे सोडत राहतो. सड्यावर झाडं तुटतात, प्लॉट पडतात, तेव्हा म्हणूनच मला आधी हे तळं आठवतं. तळ्याला मिळणाऱ्या ओढ्याच्या काठाने रानात शिरलं की पारंब्या रुतवून बसलेला थोरला वड लागतो. वाटेत पिवळी माती अंगाला फासलेली माणसं भेटतात. वर टेकडीवरून पॅराग्लायडिंगवाले झेपावतात.

टेकडी ओलांडून केरीला उतरलो. समोर तेरेखोल नदीचं मुख आणि पलीकडे किल्ला. सावंतवाडीकर भोसल्यांचा हा किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी घेतला. हा सगळा भाग ज्यात येतो तो पेडणे महाल मात्र त्यांच्या हाती कायमचा आला तो १७८८ मध्ये. पोर्तुगिजांनी आधीच जिंकलेल्या तिसवाडी-बारदेशातली देवळं सोळाव्या शतकातच पाडली गेली होती. पेडणे नव्या काबिजादीत, म्हणजे नंतर जिंकलेल्या मुलखात, आलं तोवर धर्मांतराचा तो जोर ओसरला होता. म्हणून इथे देव जागचे हलले नाहीत, देवळापुढचा दशावतारही टिकला. १५ ऑगस्ट १९५४ ला गोवामुक्तीच्या सत्याग्रह्यांनी तेरेखोलच्या याच किल्ल्यावर तिरंगा चढवला. पोर्तुगिजांनी त्यांना पकडलं. गोवा मुक्त व्हायला १९६१ चा डिसेंबर उजाडावा लागला.

उन्हं कलताना तळ्यावर परतलो. बांधाच्या समुद्राकडच्या उतारावर, लाट पोचत नाही तिथे, वाळू उकरली. वीतभर खड्ड्यात हळूहळू पाणी पाझरलं. बोट बुडवून जिभेला लावलं. गोडं होतं.