गॅरंटी किती वर्षांची?

वेळणेश्वरला धातूचं काम करणाऱ्याला एक भागीदार आयताच मिळतो, समुद्र. वाऱ्याबरोबर येणारे मिठाचे कण तांब्या-पितळेवर बसतात, हवेतला ओलावा ओढून घेतात आणि आठ दिवसांत चकाकी उतरवतात. पावसाळ्यात तर विचारूच नका. मी तांब्याच्या पत्र्यावर ठोकून अक्षरं उठवतो: कुरआनच्या आयती, घरांच्या मराठी पाट्या, कधी एखादी होडी. गिऱ्हाईक कुठलंही असो, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला. "काळं पडणार नाही ना?"

पडेल, असं मी सांगतो. मग पुढचं बोलणं सुरू होतं.

दुकानातला सोपा उपाय म्हणजे लॅकर. पारदर्शक थर, फवारला की वस्तू आरशासारखी. पण लॅकरखाली बोटाचा एक ठसा राहिला तरी घामातलं मीठ तिथेच काम करत राहतं आणि काही महिन्यांनी तो ठसा तपकिरी होऊन वर दिसतो. म्हणून फवारण्याआधी वस्तू पुसून, वाळवून, सुती हातमोजे घालूनच हाताळायची. दमट हवेत फवारलं तर थर दुधासारखा पांढुरका होतो. जून ते सप्टेंबर मी लॅकरचा डबा उघडतच नाही. तांब्यासाठी खास लॅकरही मिळतं. 1960च्या दशकात निघालेल्या इनक्रालॅकमध्ये बेंझोट्रायझोल नावाचं गंजरोधक घातलेलं असतं, साध्या लॅकरपेक्षा ते पुष्कळ चांगलं. तरीही थराला कुठे ओरखडा गेला की खारा ओलावा तिथून आत शिरतो आणि नकाशासारखे डाग पसरतात. मग गिऱ्हाईक घरातली चिंच, आमसूल किंवा भांड्यांची पावडर घेऊन घासतं. त्याने डाग जात नाही, उरलेलं लॅकर मात्र जागोजागी निघतं. नीट करायचं तर सगळा थर रसायनाने काढून पहिल्यापासून सुरुवात. घरी बसून कोण करणार?

इथे मला कल्हई आठवते. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं म्हणून आत कल्हई हवी. कल्हईवाला गावात येऊन भाता लावायचा, भांडं तापवून नवसागर टाकायचा, कथील फिरवून कापसाच्या बोळ्याने पसरायचा. आमच्याकडे हे काम करणारे बहुतेक मुसलमानच. कल्हई झिजायची, हे घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असायचं. झिजली म्हणून कल्हईवाल्याला कुणी फसवा म्हटलं नाही, फक्त पुन्हा बोलावलं. मला अशीच राखण पसंत आहे, जी झिजते आणि पुन्हा करता येते.

म्हणून समुद्राजवळच्या घरांसाठी मी मेण लावतो. मधमाशांचं मेण मंद पाण्यावर वितळवायचं, आचेपासून दूर नेऊन त्यात टर्पेंटाइन मिसळायचं. टर्पेंटाइन चटकन पेट घेतं, तेव्हा हा प्रयोग स्वयंपाकघरात नको. पत्रा किंचित कोमट करून मेण पातळ चोळायचं आणि मऊ कापडाने पुसून काढायचं. अक्षरांच्या खाचांत पांढरं साचतं, तिथे दात घासायचा जुना ब्रश. लॅकरइतकं ते टिकत नाही. चार-सहा महिन्यांनी पुन्हा लावावं लागतं, पण ते कुणालाही जमतं.

दुसरी युक्ती बिदरच्या कारागिरांकडे पाहून सुचली. बिदरीची वस्तू जस्ताची, त्यात थोडं तांबं, वर चांदीची नक्षी. बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या लेपाने जस्त काळं होतं, चांदी तशीच राहते, मग तेल चोळतात. कल्हईवाला ज्या नवसागराने भांडं उजळतो, त्यानेच बिदरवाला काळं करतो! मीही आता पार्श्वभूमी गंधकाच्या द्रावणाने आधीच काळी करतो आणि फक्त उठलेली अक्षरं घासून उजळतो. पुढे आणखी काळं पडलं तरी अक्षर वाचता येतं, उलट उठून दिसतं.

मागे आखातातून सुट्टीवर आलेल्या एकाला आईच्या घरासाठी आयत हवी होती. घर अगदी खाडीकाठी, चौकट ओटीवर लावायची.

"भाई, दहा वर्षांची गॅरंटी लिहून द्या. पैशांचं बघू नका."

"दुबईत एसीच्या हॉलमध्ये लावणार असाल तर लॅकर करून देतो, ती बरीच वर्षं तशीच राहील. ओटीवर नाही राहणार."

"दुसरा देतोय लिहून."

तो दुसऱ्याकडे गेला. रक्कम मोठी होती, वाईट वाटलं. पण मालातला ऐब सौदा होण्याआधी सांगायचा, हे आपल्याकडे लहानपणापासून शिकवतात, आणि गंज हा माझ्या मालाचा ऐबच आहे. शिवाय पाच वर्षांनी त्या ओटीवरची आयत डागाळलेली त्याच्या आईने रोज बघायची, ही कल्पना मला सोसवत नव्हती.

आता प्रत्येक वस्तूबरोबर मेणाची छोटी डबी आणि मराठीत एक चिठ्ठी देतो: चिंच लावू नका, आमसूल लावू नका, कोरड्या कापडाने पुसा, दिवाळीच्या सुमारास आणि पावसाळ्याच्या तोंडावर मेण चोळा. डबी संपली की कळवा, दुसरी पाठवतो. दोन डब्या परवाच चिपळूणला गेल्या.