खेपेचा सौदा की वर्षाचा?

सावेडीत समुद्र कुठला? मनमाड रस्त्याने ट्रक जातात, तेवढीच आमची वाहतुकीशी ओळख. पण आमचा धाकटा कोळसा वाहणाऱ्या जहाजावर खलाशी म्हणून लागला आणि घरात जहाजाच्या भाड्याच्या गोष्टी सुरू झाल्या.

थोरले दादा नेप्तीच्या बाजारातून ट्रकने कांदा नेतात. त्यांना हा सौदा चटकन समजला. एकाच खेपेचा माल असेल तर कंपनी टनामागे भाडे ठरवते. इंधन आणि बंदराचा खर्च मालकाचा. माल कायम लागत असेल तर जहाज सहा महिने, वर्षभर दिवसाच्या दराने घेते. मग इंधन, बंदराचा खर्च तिच्याकडे. खलाशी मात्र मालकाचेच. जयगडला मोठ्या जहाजाने आलेला माल लहान जहाजांतून धरमतरला आणि डोलवीच्या पोलाद कारखान्यात जातो. असा रोजचा राबता असला की दर खेपेला जहाज शोधत बसणे परवडत नाही.

"पण उभं राहावं लागलं तर?" दादांनी विचारले. गेल्या पावसाळ्यात एका गोदामापुढे त्यांचा ट्रक तीन दिवस उभा होता. दमडी मिळाली नव्हती.

"खेपेच्या करारात माल चढवा-उतरवायची मुदत लिहिलेली असते. ती ओलांडली की भाड्याने घेणाऱ्याने दिवसाप्रमाणे डेमरेज भरायचं," धाकटा म्हणाला. दादा बराच वेळ गप्प बसले.

लांबचा करार म्हणजे जुगारही आहेच. लंडनच्या बाल्टिक एक्स्चेंजचा भाड्याचा निर्देशांक मे २००८ मध्ये ११,७९३ वर होता, डिसेंबरात ६६३ वर आला. मे महिन्यातल्या दराने वर्षभराचे जहाज घेणारा बुडाला. मालक सुखी, पण भाडे हाती पडले तरच!

आईला यातले काही नको होते. "ह्याचा पगार कोण देणार?" एवढेच तिचे विचारणे. तेव्हा कळले की तिसराही प्रकार आहे. नुसते रिकामे जहाज घ्यायचे, खलाशी घेणाऱ्यानेच नेमायचे. म्हणजे करारावर नाव कोणाचे, हे बघायलाच हवे. खलाशांना वाऱ्यावर सोडले तर चार महिन्यांपर्यंतच्या थकलेल्या पगाराची हमी २०१७ पासून आंतरराष्ट्रीय नियमाने आली आहे. तिचा दाखला जहाजावर दिसेल असा लावावा लागतो.

"चढलास की आधी तो कागद बघ," आईने बजावले.

पारादीपहून फोन आला. "आई, कागद बघितला. जेवलोय पण."